व्हॉट्स द टी?

माझी भाची मागच्या सप्टेंबरात शिकायला लीड्सला गेली. चार मुलींनी मिळून घेतलेलं घर, त्यात ही एकटी मराठी. पहिल्याच आठवड्यात घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यॉर्कशरच्या मुलीने दुपारी चारला विचारलं, 'व्हॉट्स फॉर टी?' भाचीने तत्परतेने कळवलं की आलं घातलेला चहा होईल, सोबत पार्ले-जी आहेत. समोरून तीन प्रश्नचिन्हं आली. मग उलगडा झाला की इंग्लंडच्या उत्तरेकडे संध्याकाळच्या जेवणालाही 'टी' म्हणतात. ती बिचारी आज जेवायला काय, एवढंच विचारत होती. भाचीने हे पक्कं लक्षात ठेवलं. दोन दिवसांनी दुसऱ्या मुलीने रात्री साडेदहाला विचारलं, 'व्हॉट्स द टी?' आता शहाणी झालेली भाची म्हणाली, 'वरणभात.'

या वेळी प्रश्नचिन्हं आली नाहीत. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे चेहरे आले. आदल्या रात्री कोणाकडे तरी पार्टी झाली होती आणि तिथे काय काय घडलं ते या मुलीला हवं होतं.

"मावशी, यांच्या एका चहात तीन चहा आहेत गं," भाची फोनवर म्हणाली. "आणि तू वीस वर्षं इंग्रजी शिकवतेस. हे कधी नाही शिकवलंस ते?"

खरंच नाही शिकवलं. आम्ही पत्रलेखन शिकवतो, निबंध शिकवतो. 'रिपोर्टेड स्पीच' तर दरवर्षी घासून घेतो: ही सेड दॅट, शी टोल्ड मी दॅट. पण ज्या रिपोर्टेड स्पीचवर जग खरोखर चालतं, म्हणजे 'ती म्हणाली की तो म्हणाला', त्याचा धडा कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. परदेशात गेलेल्या मुलाला लेक्चर समजतं, बँकेचा फॉर्म समजतो, आणि चार जण कॉफी प्यायला बसले की तो मुका होतो. कारण तिथे सगळे याच भाषेत बोलत असतात. तेव्हा तो राहिलेला धडा आज घेऊ.

आधी टीचंच बघू. 'व्हॉट्स फॉर टी' आणि 'व्हॉट्स द टी' यांच्यात एका बारक्या शब्दाचा फरक आहे, आणि तो शब्द नेमका असा की ज्याला मराठीत जोडीदार नाही. 'द' आला की बोलणाऱ्याच्या मनात एक ठरावीक गोष्ट असते आणि समोरच्यालाही ती ठाऊक असावी असं तो धरून चालतो. 'डू यू वाँट टी?' असं विचारलं तर दूध-साखर किती ते सांगावं. 'डू यू वाँट द टी?' असं विचारलं तर खुर्ची जवळ ओढून घ्यावी. 'आय स्पिल्ड माय टी' म्हणजे फडकं आणायला हवं, 'शी स्पिल्ड द टी' म्हणजे कुणाचं तरी बिंग फुटलं. आपल्या कानाला या 'द'ची सवय नसल्याने आपण तो ऐकतच नाही, आणि नेमका अर्थ त्यातच बसलेला असतो.

हा टी आला कुठून? चहाच्या कपातून नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ड्रॅग कलाकारांच्या बोलीतून तो आला. ड्रॅग म्हणजे बहुधा पुरुषांनी स्त्रीवेष घेऊन, नटूनथटून, हावभाव मुद्दाम वाढवून केलेला रंगमंचीय कार्यक्रम. त्या बोलीत 'टी' हे निव्वळ अक्षर होतं, 'ट्रूथ' या शब्दाचं पहिलं अक्षर. जॉन बेरेंट या लेखकाचं जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहराबद्दलचं पुस्तक १९९४ साली आलं. त्यात लेडी शाब्ली नावाची कलाकार 'माय टी' असं म्हणते. लेखकाला कळत नाही, तो विचारतो. ती सांगते की माझा टी म्हणजे माझा मामला, माझ्या आयुष्यात जे चाललंय ते.

इथे थोडं थांबायला हवं. तिच्या तोंडचा टी स्वतःबद्दलचा आहे. आपण कोण आहोत ते समोरच्याला सांगायचं की झाकून ठेवायचं, हा तिच्यासाठी रोजचा आणि कधी कधी जिवावर बेतणारा प्रश्न. आज त्याच शब्दाने लोक दुसऱ्यांची प्रकरणं चघळतात. २००९ पासून ड्रॅग कलाकारांच्या स्पर्धेचा एक कार्यक्रम अमेरिकी टीव्हीवर सुरू झाला, रूपॉल नावाच्या कलाकाराचा. त्याने ही सगळी बोली घराघरांत नेली, मग मीम्सनी ती फोनमध्ये आणली, आणि आता फर्ग्युसन रस्त्यावरची मुलंही 'टी दे ना' म्हणतात. अक्षराचा चहा झाला, चहाबरोबर सांडणं आलं, वाफाळत्या कपाचं चिन्ह आलं, 'टी इज हॉट' आलं, बातमी फुसकी निघाली तर 'वीक टी'ही आलं.

याचा भाऊ म्हणून 'स्पिल द बीन्स' सांगितलं जातं. भाऊ आहे, पण स्वभाव वेगळा. बीन्स सांडणं म्हणजे लपवलेली गोष्ट उघड करणं. तिथे चविष्टपणाची अट नाही. आजीच्या पंचाहत्तरीचा गुपचूप बेत ठरलाय आणि धाकट्याने तो आजीलाच सांगून टाकला, तर त्याने बीन्स सांडले. त्या समारंभात दोन मामांचं का वाजलं हे कोणी सांगितलं, तर तो टी. बीन्सबद्दल एक गोष्ट सगळीकडे फिरते की प्राचीन ग्रीसमध्ये घेवड्याच्या बियांनी गुप्त मतदान व्हायचं, भांडं कलंडलं की निकाल फुटायचा, म्हणून हा वाक्प्रचार. गोष्ट छान आहे, पण तिला आधार नाही. हा वाक्प्रचार विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेतला. मधली दोन हजार वर्षं बिया सांडून कुठे पडल्या होत्या, ते कोणी सांगत नाही.

आता एक गंमत. टी म्हणजे ट्रूथ, चहाशी संबंध नाही, असं मी वर म्हटलं. ते खरंच आहे. पण चहा आणि चहाड्या यांची जोडी इंग्रजीत त्याच्या दोनशे वर्षं आधी एकदा लागून गेली होती. फ्रान्सिस ग्रोस नावाच्या गृहस्थाने लंडनच्या रस्त्यावरच्या भाषेचा एक कोश केला, पहिल्यांदा छापला १७८५ मध्ये. त्या कोशाच्या आवृत्त्यांत चहाला दिलेली टोपणनावं बघा: 'चॅटर ब्रॉथ', 'प्रॅटल ब्रॉथ', 'स्कँडल ब्रॉथ'. बडबडीचा रस्सा, वटवटीचा रस्सा, भानगडींचा रस्सा. बायका चहाला जमल्या की दुसरं काय करणार, हा त्यातला टोमणा. दोन्ही वाटा वेगळ्या. लेडी शाब्लीचा टी या रश्शातून आलेला नाही. आणि हो, आपल्या चहाडीचाही चहाशी काही संबंध नाही. चहा आपल्या घराघरांत पोचला त्याच्या कितीतरी आधी चहाडी पोचलेली होती.

चहा बाजूला ठेवून पाण्याकडे वळू, कारण खरी मजा तिथे आहे.

'स्कटलबट' हा शब्द आता ऑफिसांतही ऐकू येतो. 'व्हॉट्स द स्कटलबट?' म्हणजे आतल्या गोटात काय कुजबूज आहे? शब्द जहाजावरचा. 'बट' म्हणजे मोठं लाकडी पिंप, 'स्कटल' म्हणजे भोक पाडणं. पिण्याचं पाणी काढता यावं म्हणून भोक पाडलेलं पिंप डेकवर ठेवलेलं असे. खलाशी पाणी प्यायला तिथे येत आणि पाण्याबरोबर खबरही पीत: जहाज कुठल्या बंदराला लागणार, कॅप्टन कोणावर चिडलाय, पगार कधी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अमेरिकी नौदलात पिंपाचं हे नाव थेट अफवेलाच चिकटलं.

तिकडे ऑस्ट्रेलियात 'फर्फी' आहे. व्हिक्टोरिया राज्यातल्या शेपर्टन गावी जॉन फर्फी नावाचा लोहार-कारखानदार घोड्याने ओढायच्या पाण्याच्या टाक्या बनवायचा, टाकीवर मोठ्या अक्षरांत त्याचं नाव. पहिल्या महायुद्धात मेलबर्नजवळच्या ब्रॉडमेडोजच्या लष्करी छावणीत या टाक्या पाणी घेऊन फिरत. सैनिक टाकीपाशी जमत, आणि आपल्याला कुठे पाठवणार याबद्दल जो तो आपापलं ठोकून देई. त्यातलं बरंचसं खोटं निघे. म्हणून ऑस्ट्रेलियन इंग्रजीत 'फर्फी' म्हणजे कंडी, वावडी. 'दॅट्स अ फर्फी' असं कोणी म्हटलं तर तो बातमी देत नाहीये, ती बातमी खोटी आहे असं सांगतोय. स्कटलबट खरं असू शकतं. फर्फी म्हटली की ती पडलीच. बिचाऱ्या फर्फींनी टाकीच्या कडेवर 'चांगल्याचं उत्तम करेपर्यंत थांबू नका' अशा अर्थाची ओळ ओतून घेतली होती. जगाने नाव लक्षात ठेवलं ते थापांसाठी.

ऑफिसात पाण्याचा कूलर आला आणि 'वॉटर कूलर टॉक' जन्मलं. हे सगळं वाचून एखादी मराठी बाई म्हणेल, यात नवीन ते काय? आमचा पाणवठा, आमची विहीर, चाळीतला नळ. कोणाच्या सुनेला दिवस गेले ते डॉक्टरच्या आधी नळावर कळायचं. पण एक फरक मला नेहमी जाणवतो. आपण जमतो पाण्यापाशी, पण बोलताना शब्द वापरतो ते खाण्याचे. चर्चा खमंग असते, ती चवीने करतात, चघळतात, तिला तिखटमीठ लावतात. इंग्रजीतही 'जूसी' आहे आणि 'डिश' आहे, नाही असं नाही. तरी त्यांची कुचाळकी बरीचशी पिण्यातली, आपली बरीचशी फोडणीतली.

या सगळ्यांपेक्षा मला जवळचा वाटतो तो 'ग्रेपव्हाइन'. 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन' म्हणजे कर्णोपकर्णी कळलं. द्राक्षाच्या वेलीचा काय संबंध? सॅम्युअल मोर्सने १८४४ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेने संदेश पाठवला आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत तारेचे खांब उभे राहिले. सरळ, ताणलेली, सरकारी किंवा कंपनीची तार. त्याला शेजारी म्हणून लोकांनी शब्द काढला, 'ग्रेपव्हाइन टेलिग्राफ': वेलीसारखी वेडीवाकडी, कोणाच्या मालकीची नसलेली, कुठून कुठे जाते ते न दिसणारी तार.

बुकर टी. वॉशिंग्टन गुलाम म्हणून व्हर्जिनियात जन्मले आणि पुढे मोठे शिक्षक झाले. १९०१ च्या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी या वेलीच्या तारेबद्दल लिहिलंय. यादवी युद्धाचे दिवस. गुलामांना वाचायला येत नाही, वर्तमानपत्र मिळत नाही, कोणी काही सांगत नाही. मळ्यापासून पोस्ट तीन मैलांवर, टपाल आठवड्यातून एकदा-दोनदा येणार. ते आणायला एका गुलामाला पाठवत. पोस्टात टपाल घ्यायला आलेले गोरे लोक घोळक्याने उभे राहून पत्रांतल्या बातम्यांवर बोलत. हा माणूस तिथे जरा रेंगाळायचा, कान द्यायचा, आणि परतीच्या वाटेवर आपल्या लोकांना सांगत यायचा. त्यामुळे लढाईची मोठी बातमी मालकाच्या वाड्यावर पोचायच्या आधी गुलामांच्या झोपड्यांत पोचलेली असायची.

हे वाचल्यापासून मला 'गॉसिप' हा शब्द नाक मुरडून वापरवत नाही. जहाजावरच्या खलाशाला बंदराचं नाव कोणी सांगत नव्हतं. छावणीतल्या पोराला कुठल्या आघाडीवर मरायला पाठवणार ते सांगत नव्हतं. ज्यांना वरून काही कळवलं जात नाही, त्यांनी आपली बातमी आपण मिळवायची सोय केली आणि भाषेत हे शब्द उरले. नोकरकपातीच्या आधी ऑफिसात कूलरपाशी गर्दी का वाढते, हे कुठल्याही कारकुनाला विचारा.

खुद्द 'गॉसिप' या शब्दाची कूळकथाही अशीच. जुन्या इंग्रजीत 'गॉडसिब'. 'सिब' म्हणजे नातलग. 'सिब्लिंग' मधला सिब तोच. गॉडसिब म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची जबाबदारी घेणारे, देवाच्या साक्षीने झालेले नातेवाईक. पुढे अर्थ सैल होऊन जवळची मैत्रीण असा झाला. बाळंतपणाच्या खोलीत ज्या बायका सोबतीला बसत त्या 'गॉसिप्स'. पुरुष दाराबाहेर. आत काय बोलतात ते त्यांना ऐकू येत नसणार, आणि जे ऐकू येत नाही ते आपल्याबद्दलच असणार अशी पुरुषांची खात्री. शब्द घसरत घसरत आधी बडबड्या बाईला लागला, मग त्या बडबडीला. फ्रेंचमध्येही हीच घसरण: 'कोमेर' म्हणजे मूळची धर्ममाता, आणि 'कोमेराज' म्हणजे कुचाळकी.

या इतिहासामुळे एक व्याकरणाचा खड्डा तयार झालाय आणि मराठी माणूस त्यात हमखास पडतो. आपण म्हणतो, 'एक गॉसिप कळलंय'. तेच इंग्रजीत नेलं की 'आय हॅव अ गॉसिप'. पण इंग्रजीत 'अ गॉसिप' म्हणजे बहुधा माणूस, लावालावी करणारा माणूस. 'शी इज अ गॉसिप' म्हणजे ती चहाडखोर आहे. बातमी मोजायची तर 'अ बिट ऑफ गॉसिप' किंवा 'अ पीस ऑफ गॉसिप'. ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात याचा लाडका आखूड अवतार आहे, 'गॉस'. 'एनी गॉस?' हे 'काय विशेष?' इतकं हलकं. असंच हलकं 'नॅटर' आणि 'चिनवॅग', म्हणजे हनुवटी हलवणं, निव्वळ गप्पा मारणं. यांत कोणाची निंदा असायलाच हवी असं नाही.

आता जरा तिखट पायऱ्या. 'डिश' क्रियापद म्हणून आलं की पानात वाढणं: 'शी डिश्ड ऑन हर एक्स', आधीच्या प्रियकराबद्दल सगळं वाढलं. 'डिश द डर्ट' त्याहून एक पायरी वर, कारण 'डर्ट' म्हणजे बदनाम करू शकेल अशी गोष्ट. 'ही हॅज डर्ट ऑन यू' हे वाक्य गप्पांत बसत नाही, धमकीत बसतं. 'टेल ऑन समवन' म्हणजे चहाडी करणं, शाळकरी पोरांचं, बाईंकडे जाऊन 'यानं माझं खोडरबर घेतलं'. मोठ्यांच्या जगात हेच 'स्निच', ब्रिटनमध्ये 'ग्रास', पोलिसांना किंवा साहेबांना नाव पुरवणारा. 'थ्रो शेड' ला लोक गॉसिपच्या खात्यात टाकतात, पण ते पाठीमागे करायचं काम नाही. ते तोंडावर, गोड आवाजात, नाव न घेता. आपलं 'लेकी बोले सुने लागे' त्याच्या जवळ जातं. तेही टीच्याच मोहल्ल्यातून आलंय.

आणि आपल्या कॉलेजांतला लाडका शब्द, 'बिचिंग'. आपल्याकडे पोरं तो 'चहा घेऊ या' इतक्या सहज वापरतात. बाहेर तो शिवीतून आलेला आणि बायकांना डिवचणारा शब्द म्हणून ऐकला जातो, शिवाय त्याचा अर्थ नुसतं कुरकुरणं असाही होतो. मैत्रिणींत खपेल. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये कोणी म्हटलं तर सगळे आपापल्या लॅपटॉपकडे बघू लागतील. त्याऐवजी 'बॅकबाइटिंग' म्हणावं असं आपल्याला वाटतं, पण तो शब्द आपल्या इंग्रजीत जितका चालतो तितका लंडन-न्यूयॉर्कच्या बोलण्यात चालत नाही. तिथे 'टॉकिंग बिहाइंड हर बॅक' सोपं पडतं. पाठ दोन्ही भाषांत सारखीच, तेवढं लक्षात राहतं.

माणसांची नावं शब्द बनायची खोडही दोन्हीकडे आहे. आपल्याकडे कळ लावणारा नारद, कान भरणारी मंथरा. अमेरिकी इंग्रजीत 'येंटा', जिला सगळ्यांच्या घरातलं सगळं माहीत असतं अशी बाई. मुळात येंटे हे युरोपातल्या ज्यूंच्या यिडिश भाषेतलं साधं मुलीचं नाव. एका गाजलेल्या संगीतिकेत त्या नावाची बाई लग्नं जुळवते, म्हणून पुष्कळांना येंटा म्हणजे लग्न जुळवणारी वाटते. तसं नाही, जुळवणाऱ्यांसाठी यिडिशमध्ये वेगळा शब्द आहे, 'शादखन'. अर्थात आपल्याकडेही ही दोन्ही कामं पुष्कळदा एकच मावशी करते.

शब्द झाले. पण भाची अडकली ती शब्दांत नाही, तर त्यांच्या आगेमागे असलेल्या पोकळ वाटणाऱ्या वाक्यांत. ती एका कॅफेत शनिवार-रविवार काम करते. तिथला मॅनेजर सोडून जाणार हे तिला कळलं आणि पहिल्यांदाच तिच्याकडे सांगण्यासारखं काही होतं. तिने कप पुसता पुसता सोबतच्या मुलीला हळूच सांगितलं. ती मुलगी डोळे मोठे करून म्हणाली, 'शट अप!' भाची गप्प. वर 'सॉरी' म्हणाली. तर ती मुलगी, 'नो, नो, गो ऑन!' एकदा चूप म्हणते, लगेच पुढे बोल म्हणते.

इथला 'शट अप' म्हणजे 'काय सांगतेस!' तो ओळखायचा सुरावरून. चिडून म्हटलेला तुटक असतो, हा लांबवलेला असतो, 'शट'वर जोर आणि 'अप' वर चढत गेलेला. 'गेट आउट!', 'स्टॉप इट!', 'नो वे!' हे त्याच घराण्यातले. मी तिला म्हटलं, अगं, तू स्वतः काय करतेस? तुला मी काही भारी सांगितलं की तू म्हणतेस 'चल!' किंवा 'जा ना!' मी कधी उठून चालायला लागले का? तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

सुरुवातीची वाक्यंही अशीच ओळखायची. 'यू डिडन्ट हिअर इट फ्रॉम मी, बट...' म्हणजे माझं नाव पुढे करू नकोस. 'आय ॲम नॉट वन टू गॉसिप, बट...' म्हणजे 'आपल्याला काय करायचंय म्हणा, पण...' यातला 'पण' आला की पुढचा अर्धा तास गेला, दोन्ही भाषांत. 'ब्लेस हर हार्ट' हे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत ऐकू येतं. शब्दशः आशीर्वाद, पण गॉसिपच्या मधोमध आला तर आपलं 'बिचारी' किंवा 'चांगली आहे हो पोरगी, पण'. 'बिट्वीन यू, मी अँड द गेटपोस्ट' हे ब्रिटिश: तू, मी आणि फाटकाचा खांब. मला ते आवडतं, कारण आपल्याकडे गुपित फुटलं की ते 'षट्कर्णी' होतं. दोन माणसांचे चार कान, तिसरा आला की सहा. इंग्रजांनी तिसरा भिडू असा शोधलाय की ज्याला कानच नाहीत.

बोलायचंच नसेल तर? 'आय वुड रादर स्टे आउट ऑफ इट' म्हणावं, हसून. किंवा 'इट्स नॉट माय स्टोरी टू टेल'. हे वाक्य सभ्य आहे, फक्त त्यातून एवढं कळतं की सांगण्यासारखं काहीतरी आहे. ज्याला येंटाचं नाक आहे तो बरोबर हुंगतो.

बोलीभाषेचा माल नाशवंत असतो, हेही भाचीला सांगायला लागलं. 'व्हॉट्स द फोर-वन-वन?' हे एके काळी झकास होतं. ४११ हा अमेरिकेत फोन नंबरांची चौकशी करायचा क्रमांक, म्हणून ४११ म्हणजे माहिती. आज हे कोणी म्हटलं तर त्याचं वय कळतं, बाकी काही नाही. टीलाही आता सुरकुत्या पडू लागल्यात. जाहिरातवाल्यांनी एखादा शब्द उचलला की पोरं तो सोडून देतात. सध्या भाचीच्या घरात 'डीब्रीफ' चालतं. मोहिमेवरून परतलेल्या सैनिकांकडून तपशील काढून घ्यायचा लष्करी शब्द, पार्टीच्या दुसऱ्या सकाळी पायजम्यात बसून वापरायचा. आणि कोणी फार रंगवून सांगू लागली की बाकीच्या विचारतात, 'रिसीट्स?' म्हणजे स्क्रीनशॉट दाखव, नाहीतर गप्प बस. हा शब्द गायिका व्हिटनी ह्यूस्टनच्या २००२ सालच्या एका टीव्ही मुलाखतीशी जोडतात. तिच्यावर अमली पदार्थांवर अफाट पैसे उधळल्याचा आरोप होता आणि तिने त्या खरेदीच्या पावत्या मागितल्या होत्या.

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. त्या मॅनेजरच्या जाण्याची बातमी तिने घरात फक्त यॉर्कशरच्या मुलीला सांगितली होती, गेटपोस्टच्या साक्षीने. संध्याकाळपर्यंत ती खालच्या मजल्यावरच्या मुलांनाही ठाऊक होती. भाची वैतागून मराठीतच म्हणाली, 'हिच्या तोंडात तीळ भिजत नाही.' तिघींनी अर्थ विचारला. मग हिने समजावलं: तीळ तोंडात टाकलाय, तो ओला व्हायला किती वेळ लागतो, तेवढाही वेळ हिला गप्प राहता येत नाही. त्या बराच वेळ विचार करत बसल्या. एक जण स्वयंपाकघरातून तीळ घेऊन आली आणि चौघींनी घड्याळ लावून बघितलं.

आता त्या मुलीचं नाव ग्रुपवर 'सेसमी' आहे. कोणी काही सांगायच्या आधी विचारते, 'इज सेसमी होम?' आणि ती घरी असेल तर सगळ्या जणी चहा करतात, खरा, आलं घातलेला, आणि हवामानावर बोलतात.